डोंगर बघायचा राहूनच जातो

पत्र थोडक्यात असं: पुण्यात आयटीत नोकरी करणारी २७ वर्षांची एक वाचक लिहिते की तिचे आईबाबा दोघंही जन्मापासून कर्णबधिर आहेत आणि तिला मात्र ऐकू येतं. तोंडाने बोलायला लागण्याआधी ती हातांनी बोलायला शिकली. दीडेक वर्षापूर्वी तिने ऑफिसातली डोंगरात भटकणारी मंडळी आणि आईबाबांचा कर्णबधिर मित्रपरिवार यांची एकत्र फेरी सुरू केली. महिन्यातला एक रविवार ठरलेला: कधी वेताळ टेकडी, कधी सिंहगड, कधी लोहगड, तर कधी मुळशीकडच्या वाड्यांमधून नुसतंच शिवारातून चालणं. आता वीसेक जण येतात, त्यात निम्मे कर्णबधिर. सगळे खूश आहेत, फक्त तिला फेरी नकोशी झाली आहे. पहाटे सहापासून दुपारी दोनपर्यंत ती एकटीच दुभाषी असते. मागच्यांना सांगता यावं म्हणून उलटं चालताना तिचा घोटा मुरगळला. दोन्ही बाजूंचं टोचणारं बोलणं ती गाळून सांगते. ती थांबली की दोन वेगळे घोळके होतात आणि आई तिच्याकडे बघायला लागते. आईला सासरच्या भरल्या घरात आयुष्यभर "काही नाही गं, नंतर सांगते" एवढंच वाट्याला आलं, आणि तेच आपण तिला कसं द्यायचं, या विचाराने तिचे हात थांबत नाहीत. तिचा प्रश्न आहे: फेरी बंद करू, दोन वेगळ्या फेऱ्या काढू, पैसे देऊन दुभाषी आणू, की मीच जाणं सोडू? आणि काहीही केलं तरी आईबाबांना ते कसं सांगू?

---

तू मला ताई म्हणून लिहिलंस, म्हणून मीही सरळ 'तू'वर येते.

आधी घोट्याचं. उतारावर पाठमोरं चालत, चार जणांकडे तोंड करून हातांनी बोलत उतरायचं, हे यापुढे बंद. बाकीच्या गोष्टींवर आपण बोलू, वाद घालू, पण यावर नाही. हा सल्ला नाही, तंबी आहे.

आता थकव्याचं. तुझ्या पत्रात तीन ठिकाणी "मी स्वार्थी आहे का?" असं आलंय. सांकेतिक भाषेच्या दुभाषाचं काम करणारी माझी एक मैत्रीण आहे, तिला मी तुझ्या फेरीचं वेळापत्रक सांगितलं. ती हसलीच. तिच्या क्षेत्रात मोठ्या कार्यक्रमाला दोन दुभाषे असतात आणि साधारण वीस-तीस मिनिटांनी ते आलटून पालटून काम करतात. एका भाषेत ऐकत असतानाच दुसरीत बोलत राहणं मेंदूला फार दमवतं, आणि त्यानंतर चुका वाढतात. हे शिकलेल्या, पगार घेणाऱ्या, सपाट मंचावर उभ्या असलेल्या माणसांचं झालं. तू हेच काम आठ तास, एकटीने, पाठीवर सॅक घेऊन, चढावर करतेस. तू थकलीस यात प्रेम कमी पडल्याचा काही संबंध नाही.

पण तुझ्या पत्रात काही गोष्टी तू गृहीत धरल्या आहेस, त्या मला थोड्या उलगडून बघायच्या आहेत. सगळ्यात मोठी ही, की तू नसशील तर यांचं एकमेकांशी बोलणंच होणार नाही.

तू जन्माला यायच्या आधी कोण होतं गं? तू लिहिलंयस की बाबा पिंपरीतल्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. तिथला सुपरवायझर, शेजारच्या मशीनवरचा माणूस, कँटीनवाला, यांतल्या कुणाला सांकेतिक भाषा येत होती? आई घरी साड्यांना फॉल-पिको करते. गिऱ्हाईक येतं, साडी उलगडतं, रंग जुळवून बघितला जातो, भाव ठरतो, वार ठरतो, आणि त्या वेळी तू ऑफिसात असतेस. लोहगडावरचा प्रसंग तर तूच लिहिलायस. तू कुणाला तरी चार दरवाजांची नावं सांगण्यात गुंतली होतीस, तेवढ्यात आई खालच्या वाडीतल्या एका घरी जाऊन सगळ्यांसाठी ताक ठरवून, वर भाव कमी करून परत आली. "तिने कसं जमवलं कळलंच नाही," असं तू पुढे म्हणतेस. ते वाक्य मी दोनदा वाचलं. ती रोज जमवते तसंच तिने जमवलं असणार. गावाकडच्या बाईला समोरच्याच्या चेहऱ्याकडे आणि हातांकडे बघून समजून घ्यायला शहरातल्या इंजिनियरइतका संकोच वाटत नाही, एवढाच फरक.

आणि इथे खरी गोम आहे. तुझ्या पत्रातले प्रसंग मी नीट बघितले. तुला हाक मारतं कोण? "तुझ्या बाबांना विचार ना, किती वर्षं ट्रेक करतात." बाबा समोर उभे. विचारणारा बघतोय तुझ्याकडे. तू हात हलवतेस, म्हणून बाबा बघतात तुझ्याकडे. बाबा उत्तर देतात ते तुला. तू ते त्याला सांगतेस. दोन माणसं हातभर अंतरावर उभी आहेत आणि संपूर्ण संभाषणात एकदाही त्यांची नजरानजर झालेली नाही. दुभाषाची गरज कर्णबधिरांना असते असं आपण म्हणतो. तुझ्या फेरीत ती जास्त करून तुझ्या ऑफिसवाल्यांना लागते आहे. त्यांना हात हलवायची लाज वाटते, चुकायची भीती वाटते, आणि तू हाताशी असल्यामुळे दीड वर्षात त्या लाजेचं काही करायची वेळच आली नाही.

आईचं दुखणं मात्र मी असं झटकून टाकणार नाही. घरात दहा-बारा माणसं हसतायत, तिने "काय?" विचारलं की "काही नाही गं". कर्णबधिर माणसांशी बोलून बघ, ज्यांच्या घरी बाकी सगळे ऐकणारे आहेत त्यांच्याकडून जेवणाच्या पानावरची हीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायला मिळेल. पण तिचं सासर आणि तुझी फेरी यांत फरक आहे. सासरी ती एकटी होती. इथे तिच्या भाषेत बोलणारी नऊ-दहा माणसं आहेत. घोळके होतात म्हणून तुला अपराधी वाटतं. पण चिंचवड, हडपसर, कात्रज अशी विखुरलेली मंडळी महिन्याने भेटली तर त्यांना एकमेकांशी बोलायचंच असणार. ऑफिसच्या पार्टीत टेस्टिंगवाले एका कोपऱ्यात जमले तर आपण त्याला फेरी फसली असं म्हणत नाही.

मग आई तुझ्याकडे बघते ते का? तू ठरवून टाकलंस की ती विचारतेय, "काय बोलतायत ते सांग." तिला विचारलंस कधी? तू पाणी प्यायलीस का, एवढंच बघत असेल. किंवा तुला वाटतं तेच असेलही. पण विचारून घे.

आता थोडं अवघड. तू दोन्हीकडचं गाळून सांगतेस. बाबांच्या मित्राने तुझ्या टीम लीडला "पोट सुटलंय, म्हणून दम लागतो" असं खुणेने सांगितलं, तू ते "जरा हळू चाला म्हणतायत" असं पोचवलंस. उलट बाजूने कुणीतरी "बिचारे, तरी किती आनंदी असतात ना" म्हणालं, ते तू पोचवलंच नाहीस. दोन्ही वेळी हेतू चांगला. परिणाम असा, की दीड वर्ष एकत्र चालूनही या दोन गटांना एकमेकांची माहिती आहे ती तू धुऊन पुसून दिलेली. सांकेतिक भाषेत माणसाचं वर्णन थेट असतं, पोटाला पोट म्हणतात, त्यात अपमान असतोच असं नाही; हे टीम लीडला एकदा अंगावर घेऊनच कळेल. आणि "बिचारे" बाबांपर्यंत जाऊ दे. कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाने याहून वाईट खूप पचवलंय, त्याचं उत्तर तुझ्यापेक्षा ते चांगलं देतील. माझ्या मैत्रिणीच्या व्यवसायाचा नियमच आहे: दुभाषी म्हणून उभं राहिलं की सगळं सांगायचं, शिवीसुद्धा. ते जमणार नसेल तर त्या वेळी दुभाषी व्हायचं नाही.

आता तुझे चार पर्याय. फेरी बंद करू नकोस, याचं वेगळं कारण द्यायला नको.

दोन वेगळ्या फेऱ्या काढायला माझी हरकत नाही, पण एकत्र फेरीच्या बदल्यात नको, जोडीला चालेल. कर्णबधिरांची स्वतंत्र फेरी म्हणजे हार मानली असं तुझ्या लिहिण्यात डोकावतं. तसं काही नाही. आपल्या भाषेत, आपल्या चालीने, कुणासाठीही न थांबता चालायचा आनंद त्यांचाही आहे, आणि ती फेरी काढायला त्यांना तुझी मुळीच गरज नाही. ऑफिसवाल्यांनाही एखाद्या रविवारी धावत राजगड चढायचा असेल तर जाऊ देत की.

दुभाषी पैसे देऊन आणणं हा मार्ग रास्त आहे, पण दर महिन्याच्या गप्पांसाठी नाही. २०११च्या जनगणनेत देशात ५० लाखांवर लोकांच्या नावापुढे ऐकण्यातलं अपंगत्व नोंदलेलं आहे, आणि प्रशिक्षित दुभाषे त्या मानाने फारच थोडे. त्यांचा वेळ न्यायालय, दवाखाना, नोकरीची मुलाखत यासाठी आधी लागतो. पण एखादा इतिहासाचा अभ्यासक बरोबर घेऊन लोहगड बघायचा असेल, किंवा प्रथमोपचाराचं प्रशिक्षण ठेवलं असेल, तर मात्र बाहेरचा दुभाषी हवाच, आणि त्या दिवशी तू श्रोत्यांत बसायचं. मानधन सगळ्या वीस जणांत वाटून घ्यायचं. ते फक्त कर्णबधिरांकडून घेणं चूक, आणि गुपचूप तुझ्या खिशातून देणं त्याहून चूक. बोलावताना गड चढायला जमेल का, हे आधी विचारा, नाहीतर पायथ्याशीच भाषण उरकावं लागेल.

राहिला चौथा, तू जाणं सोडणं. हा मला सगळ्यात आवडला. कायमचं नाही. पुढच्या दोन फेऱ्यांना तू जाऊच नकोस. पण त्याआधी एक फेरी तयारीची काढा. तिथे काय ठरवायचं ते सविस्तर लिहिते, कारण असे मिश्र गट चालवणाऱ्या इतरांनाही ते कामाला येईल.

चालणं आणि सांकेतिक भाषा यांचं नातं ऐकणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. आपण एकामागे एक, पुढे बघत, तोंड सुरू ठेवून चालू शकतो. हातांनी बोलणाऱ्या दोघांना शेजारी शेजारी चालावं लागतं, एकमेकांचे हात आणि चेहरा दिसावा लागतो, आणि बघणाऱ्याचं पायाखाली लक्ष नसतं, म्हणून बोलणारा त्याच्या वाटेतला दगड बघून कोपराला हलकेच धरून बाजूला घेतो. हे ते इतक्या सहज करतात की आपल्याला दिसतही नाही. म्हणून वाट निवडताना रुंदी बघा. वेताळ टेकडीचा माथा उत्तम, लोहगडाच्या पायऱ्या चांगल्या, दोन माणसं आरामात मावतात. सिंहगडाची आतकरवाडीची वाट रविवारी माणसांनी इतकी भरलेली असते की शेजारी चालणं अशक्य. तिथे गेलात तर बोलणं सरबताच्या टपरीवर, चालताना फक्त चालणं. जिथे वाट ढोरवाटेइतकी अरुंद होते तिथे आधी थांबा, बोलून घ्या, मग निघा. यामुळे वेळ थोडा जास्त लागतो. वेळापत्रक तसं आखा म्हणजे पुढे गेलेल्यांनी घड्याळ दाखवायला नको.

थांबल्यावर गोल करून उभं राहायचं, आणि बोलणाऱ्याने सूर्याकडे तोंड करायचं. सूर्य त्याच्या पाठीशी आला तर बघणाऱ्यांना नुसती काळी आकृती दिसते. तुझे ऑफिसवाले म्हणतील की यांना ओठ वाचता येतात, मोठ्याने आणि सावकाश बोललं की झालं. त्यांना आरशासमोर 'पान', 'बाण' आणि 'मान' म्हणून बघायला सांग. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात. 'क', 'ख', 'ग' तर आत घशातच होतात, बाहेर काही दिसत नाही. त्यात वर मिशी, गळ्यातला बफ तोंडावर ओढलेला आणि चघळायला शेंगदाणे. ओरडल्याने चेहरा वाकडा होतो, समजत काही नाही.

धोक्याच्या सूचनांचं आधी ठरवा, कारण डोंगरातले आपले सगळे इशारे आवाजाचे आहेत. घसाऱ्यावर वरून दगड सुटला की आपण "दगड!" असं ओरडतो आणि खालचा बाजूला होतो. खालच्याला ऐकू येत नसेल तर ओरडून उपयोग शून्य. म्हणून तिथे शिस्त वेगळी: कुणीही कुणाच्या बरोबर खाली उभं राहायचं नाही, एक जण पार होईपर्यंत दुसऱ्याने निघायचं नाही. कातळाच्या टप्प्यावर हात कातळ धरण्यात गुंतलेले असतात, म्हणजे कर्णबधिर माणसाचं बोलणंच थांबतं. पाय कुठे, हात कुठे, हे सगळं त्याआधी खाली उभं राहून सांगून झालेलं पाहिजे. आग्या मोहोळाचं तर अजूनच विचित्र. माश्या उठल्या की हात हलवायचे नाहीत हा पहिला नियम, आणि सांकेतिक भाषा हातांची. तेव्हा जॅकेट किंवा ओढणी डोक्यावरून ओढून घेणं हीच खूण ठरवून टाका. जो बघेल त्याने तेच करायचं आणि शांतपणे निघायचं. गाडीरस्त्यावरून चालताना उजव्या कडेने, म्हणजे गाड्या समोरून दिसतात. मागून येणाऱ्या डंपरचा हॉर्न सगळ्यांसाठी नसतो.

लीडरबरोबर पुढे एक कर्णबधिर असावा आणि सगळ्यात शेवटी एक. आत्ता तुमच्याकडे पुढे-मागे दोन्हीकडे ऐकणारे आणि मध्ये 'त्यांना' सांभाळून नेल्यासारखं दिसतं, असं तुझ्या पत्रावरून वाटलं. प्रत्येक वळणावर मागे बघायची सवय सगळ्यांना लावा. कर्णबधिरांना ती असतेच. मोबाईलमध्ये ११२ या आणीबाणीच्या क्रमांकाचं ॲप सगळ्यांनी घ्यावं, फोनवर बोलता न येणाऱ्यालाही त्यावरून मदत मागता येते.

ऑफिसवाल्यांची एक गंमत मात्र करायला हवी. लोहगडाच्या विंचूकाट्याला, म्हणजे गडाच्या त्या लांब चिंचोळ्या सोंडेवर, वारा सुटला होता तो प्रसंग तू लिहिलायस: बाबा पुढे चिंचोळ्या वाटेवर, आई वर तटाशी, आणि दोघं तेवढ्या लांबून निवांत गप्पा मारतायत, तर तुझा टीम लीड दहा पावलांवरच्या माणसाला "काय? काय?" करत घसा फोडतोय. धबधब्यापाशी, वाऱ्यात, दरीच्या दोन बाजूंना, आणि तोंडात भाकरीचा घास असताना अपंग कोण, हे त्यांना जरा बघू दे. शिकायची इच्छा अशाने जागी होते, व्याख्यानाने होत नाही.

शिकवणार कोण, तर तू नाहीस. बाबांचे मित्र शिकवतील, आणि त्यांना त्याचे पैसे मिळतील. फेरीआधी अर्धा तास, महिन्याला. नवी दिल्लीत २०१५ साली सुरू झालेलं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, त्यांच्या डिजिटल शब्दकोशात २०२१पर्यंत १०,००० शब्द झाले, आणि ते व्हिडिओ फुकट बघता येतात. ते घरी सरावाला ठीक. पण खुणा गावोगाव, पिढीगणिक बदलतात. तुमच्या गटातल्या काकांची पुणेरी खूण आणि व्हिडिओतली खूण यांत फरक आला तर काकांची धरा, चालायचं त्यांच्याबरोबर आहे. सुरुवातीला थांब, निघू या, पाणी, दमलो, मागे बघ, घसरडं आहे, किती वेळ, आणि शू-शीला जायचंय, एवढं आलं तरी अर्धा दिवस निभतो. शेवटचं विसरू नका. तुझ्याकडे सगळ्या बायका त्यासाठी येतात हे तू नुसतं ओझरतं लिहिलंयस, पण मला ते बरंच काही सांगून गेलं. नावाच्या खुणा मात्र ऐकणाऱ्यांनी स्वतःच्या स्वतः पाडून घ्यायच्या नाहीत, कर्णबधिर देतील ती घ्यायची. बाबांनी तुझ्या एका सहकाऱ्याला 'मिशी ओढणारा' केलंय म्हणे. त्याने आता कितीही गुळगुळीत दाढी केली तरी तो मिशी ओढणाराच राहणार.

फेरीची सूचना तू मराठीत चौदा ओळी लिहून ग्रुपवर टाकतेस, आणि मग रात्री अकराला बाबांचे दोन मित्र व्हिडिओ कॉल करून विचारतात की नेमकं काय. ज्यांची पहिली भाषा हातांची आहे त्यांतल्या पुष्कळांना लिहिलेली मराठी दुसऱ्या भाषेसारखीच वाटते, जुन्या पिढीतल्यांना तर जास्तच. सूचना एका मिनिटाच्या व्हिडिओत, सांकेतिक भाषेत, त्यांच्यापैकीच कुणीतरी करावी. खाली मजकूर राहू दे, ऐकणाऱ्यांसाठी. बोललेलं लिहून दाखवणारी ॲप्स मराठीतही चालतात, पण डोंगरावर रेंज नसते आणि वाऱ्यात ती काहीच्या बाही लिहितात. त्यांच्या भरवशावर गड चढू नका.

दोन बारीकसारीक. पावसाळ्यात पाँचो घातला की हात आत जातात आणि बोलणं बंद पडतं, म्हणून कर्णबधिरांसाठी बाह्यांचा रेनकोट बरा. काठी असेल तर तिला मनगटात अडकवायची दोरी हवी. श्रवणयंत्र वापरणाऱ्या मावशींना वाऱ्यात त्यातून नुसती घरघर ऐकू येते, त्यांनी काढून ठेवलं तर "लावा ना" म्हणून मागे लागू नका. ठेवायला झिप पाउच आणि त्यात सिलिका जेलची पुडी द्या, घामानेही ती यंत्रं बिघडतात.

कात्रज ते सिंहगड पौर्णिमेच्या रात्री करायचा तुमच्या ऑफिसचा बेत आहे. या वर्षी एकत्र नको. चांदण्यात वाट दिसते, पण बोटं आणि चेहऱ्यावरचे भाव पुरेसे दिसत नाहीत, आणि कपाळावरची बॅटरी समोरच्याकडे वळली की त्याचे डोळे दिपतात. बोलणाऱ्याने प्रकाश स्वतःच्या हातांवर आणि चेहऱ्यावर टाकायचा असतो. हे सगळ्यांच्या अंगवळणी पडायला एखादी छोटी संध्याकाळची फेरी पुरे आहे. टेकडीवर सूर्यास्त बघा आणि अंधार पडल्यावर उतरा. कात्रज ते सिंहगडाचा विचार त्यानंतर.

एवढी तयारी करूनही काहीतरी फिसकटेल. स्वारगेटला भेटायचं होतं आणि चौघं कात्रजला थांबले, असं होईल. कुणाचा तरी गैरसमज होईल, कुणीतरी रुसेल. तुझा फोन वाजेल. व्हिडिओ कॉल आला की, अपघात नसेल तर, "तिथे कोण आहे त्याला विचारा" एवढंच सांग. ऐकणाऱ्यांच्या गटात हे सगळं दर रविवारी होतं आणि तिथे कुणी दुभाषी शोधत नाही.

दोन फेऱ्यांनंतर परत जाशील तेव्हा एक नारिंगी रुमाल घेऊन जा. तो गळ्यात असेल तेव्हा तू दुभाषी: सुरुवातीच्या सूचनांना अर्धा तास, जेवताना अर्धा तास, आणि कुणाला लागलं-खुपलं तर. रुमाल सॅकमध्ये गेला की तू एक सभासद. हे शब्दांत सांगून पुन्हा पुन्हा आठवण करून द्यावं लागतं, रुमाल सगळ्यांना लांबूनही दिसतो. पहिल्या वेळी मिशी ओढणारा रुमाल नसतानाही तुझ्याकडे धावत येईल. त्याचे खांदे धरून त्याला बाबांकडे वळव.

आणि आणखी एक. कर्णबधिर आईवडिलांच्या ऐकू येणाऱ्या मुलांना जगभर 'कोडा' म्हणतात, आणि आपल्याकडेही त्यांतले पुष्कळ जण सातव्या-आठव्या वर्षापासून बँकेत, दवाखान्यात, शाळेच्या पालकसभेत घरच्यांचे दुभाषी झालेले असतात. आपल्याच प्रगतिपुस्तकावरची बाईंची तक्रार आपणच आईला सांगायची, ही कसरत तूही केली असशील. आईबाबांच्या मित्रांची मुलं आता तुझ्याच वयाची असतील. त्यांच्यातल्या एकदोघांना फेरीला बोलाव, मात्र दुभाषाची पाळी लावायला नको, नुसतं चालायला. तुझ्याशी बोलताना त्यांना काही समजावून सांगावं लागणार नाही.

राहता राहिलं, आईबाबांना कसं सांगायचं. फेरीत सांगू नकोस, आणि चालता चालता तर नाहीच. घरी, उजेडात, समोरासमोर बसून, हात रिकामे असताना. "मी दमले" याने सुरुवात कर. "तुमच्यासाठी करते" हे वाक्य वापरू नकोस, ते ऐकून आई दुखावेल आणि बरोबरच दुखावेल. त्यापेक्षा विचार, की मी नव्हते तेव्हा तुम्ही कसं करत होता, आणि बाबांना कारखान्यातल्या गोष्टी सांगू दे. मग सांग, की दोन फेऱ्या मी येणार नाही, तिसरीला येईन आणि मला तुझ्याशेजारी चालायचंय, तुझ्यासाठी बोलायचं नाहीये. बाबा बहुतेक हसतील. आई कदाचित रागावेल, दोन दिवस तुझ्याकडे बघणार नाही. सांकेतिक भाषेतला अबोला फार कडक असतो, समोरच्याने नजरच फिरवली की संपलं. तो जाऊ दे. तिच्या जागी तिचा राग खरा आहे, आणि तो निवळायच्या आत घाबरून तू रुमाल पुन्हा गळ्यात घालू नकोस.

ऑफिसवाल्यांसाठी मात्र एवढा समारंभ नको. त्यांना ग्रुपवर चार ओळी लिहून टाक, त्यांना वाचता येतं.